कर्ण्यातून न घेतलेलं नाव

अहो, तुम्ही गेल्यापासून जो येतो तो मला सांगतो, जरा बसा, जरा पडा, जिवाला त्रास करून घेऊ नका. बसू कशी? सकाळी दूध उतू गेलं, दुपारी भाकरी करपली, आणि आता हे लिहायला बसलेय तर दोन ओळी झाल्या की उठून दारात जातेय. दारात कुणी नाही. रडायचं म्हणलं तर रडूही येईना, नुसता राग येतोय. तुमच्याशी एक भांडण अर्धवट राहिलंय आणि तुम्ही मधेच उठून गेलात. ही काय रीत झाली?

यात्रा तोंडावर आलीय. सोनारीच्या रस्त्यावरचं आपलं गाव, एरवी एसटी थांबली तर थांबली. पण चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेला पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत देवळाच्या उजव्या अंगाला तुमचा मंडप, मंडपात तुम्ही, हातात माईक आणि चारी दिशांना बांधलेले कर्णे. कुणाचं लेकरू चुकलं, कुणाची म्हातारी चुकली, की लोक तुमच्याकडं धावायचे. यंदा तिथं कोण बसणार हा प्रश्न यात्रा कमिटीला पडायच्या आधीच आपल्या नितीननं सोडवून टाकला. पुण्याहून येताना त्यानं तुमचा आवाज आणलाय. लॅपटॉपमध्ये. आपण लिहायचं, तुम्ही बोलायचं. कमिटीचे बापूराव तर ऐकून डोळेच पुसायला लागले. "वैनी, अण्णा गेलेच न्हाईत असं वाटायलंय," म्हणाले. आणि चप्पल घालता घालता म्हणाले, "तुमचं व्हय-न्हाय तेवढं कळवा. तुमच्या मर्जीबिगर लावायचं न्हाय." म्हणजे सगळं येऊन माझ्याच गळ्यात पडलं.

आता सांगा, मी काय करायचं होतं?

तुम्ही काय म्हणला असता, हेच कळत नाही मला. लोकांना वाटतं बायकोला सगळं ठाऊक असतं. तुम्हाला तुमच्या आवाजाचं कौतुक काही कमी नव्हतं, हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे. मोबाइल हातात आल्यापासून तुम्ही घरच्या ग्रुपवर एक अक्षर टाइप केलं नाही. सगळं बोलून पाठवायचं, तेही यात्रेच्या थाटात. "समस्त कुटुंबीयांना कळवण्यात येतं की आज घरी शेंगदाण्याची चटणी कुटलेली हाय, ज्यांना पायजे त्यांनी डबा घिऊन यावं." तिकडं पुण्यात सूनबाई हसून लोळायची. मी म्हणायची, अहो हळू बोला, शेजारी ऐकतात. तुम्ही म्हणायचात, "ऐकू दे की. आपुन कुणाची चोरी करायलाव का?" त्याच तुमच्या बोलण्यातून नितीननं हा आवाज तयार केलाय. चटणीच्या, गॅसच्या टाकीच्या, पावसाच्या, नातवाच्या वाढदिवसाच्या तुमच्या बोलण्यातून. मी विचारलं, कुणाला विचारून घेतलंस? तो म्हणाला, "आई, अण्णांनीच तर पाठवलेत मला." मी म्हणलं, तुला पाठवलेत बाळा, कमिटीला न्हाय पाठवले. त्याचं तोंड उतरलं आणि मलाच वाईट वाटलं.

तुमचं मंडपातलं काम लोकांना फक्त ऐकू यायचं, दिसायचं मला. कारण पडद्यामागं मी असायची. अंगणवाडीतली बाई म्हणून लेकरं सांभाळायचं काम तुम्ही माझ्याकडं दिलं होतं. सापडलेलं लेकरू आलं की मी त्याला मांडीवर घ्यायची, रेवड्या द्यायची, आणि तुम्ही बाहेर माईकवरून फक्त एवढंच म्हणायचात, "ज्यांचं लेकरू चुकलं असंल त्यांनी मंडपात येऊन खूण सांगावी." नाव नाही, सदऱ्याचा रंग नाही, मुलगा का मुलगी तेसुद्धा नाही. लोक वैतागायचे. "अण्णा, सांगून टाका की लाल फ्रॉक हाय म्हणून, लवकर काम हुईल." तुम्ही ढिम्म. "लाल फ्रॉक मी सांगितला तर मग आलेल्याला काय इचारू?" असं तुमचं. आलेल्याला पाणी द्यायचं, बसवायचं, मग विचारायचं, लेकरू घरात कुणाला भितं, झोपताना काय धरून झोपतं, आज्जीला काय म्हणतं. आणि एवढं होऊनही पडदा बाजूला केल्यावर लेकरू आपण होऊन पळत गेलं तरच सोडायचं. एका मावशीकडं पोरगं जाईना, तर तुम्ही त्या खऱ्या मावशीला आई येईपर्यंत बसवून ठेवलं होतं. काय शिव्या घातल्या तिनं तुम्हाला! तुम्ही तिला रेवड्या दिल्या.

आणि मोठं माणूस चुकलं की तुमचं ठरलेलं बोलणं. "चुकलेल्यानं हलू नये. जिथं हाय तिथंच थांबावं. शोधणाऱ्यानं फिरावं." दोघंही फिरायला लागले की भेट होत नाही, असं तुम्ही म्हणायचात. यात्रेतल्या पाळणेवाल्यांनासुद्धा ते पाठ झालं होतं, तुमची नक्कल करायचे मेले.

मीच एकदा चुकले होते, आठवतंय? लग्नानंतरची पहिलीच यात्रा. नणंदेबरोबर पालखीचा छबिना बघायला गेले, गर्दीचा लोट आला आणि तिचा हात सुटला. मी कासाराच्या दुकानाशी जाऊन उभी राहिले, जीव नुसता घाबराघुबरा. नणंद रडत तुमच्याकडं आली. सगळ्या गावाला कळलं की माईकवाल्याचीच बायको चुकली. आता हा पठ्ठ्या बायकोचं नाव घेणार, म्हणून माणसं कान टवकारून बसली. यात्रेभर परक्यांची नावं पुकारणारा माणूस, त्याला काय अवघड? आणि तुम्ही म्हणालात, "आमच्या घरच्यांनी जिथं असतील तिथंच थांबावं. हलू नये. मी येतोय." आणि माईक ठेवून सरळ चालत निघालात. अख्खी यात्रा हसली. कासारसुद्धा हसला. तुम्ही मला घेऊन परत आलात तेव्हा तुमचे कान लाल झाले होते.

त्यावरून मी तुमच्याशी किती भांडले असेन. आपल्याकडं नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण तरणेपणी वाटायचं हो. सगळ्या जगाची नावं घेता, एकदा माझं घ्या. कर्ण्यातून नको, घरात घ्या, चुलीपुढं घ्या. तुम्ही नुसतं "आगं", नाहीतर "ऐकलंस का". फारच झालं तर "नितीनची आई". मी चिडून म्हणलं, मला काय नाव नाही का? तर म्हणालात, "हाय की. ठेवलंय नीट." कुठं ठेवलंय, ते काही सांगितलं नाहीत. मी विचारायची राहिले आणि तुम्ही सांगायचे राहिलात.

आता त्या फोटोचं. हे मला लिहायचं नव्हतं, पण ते सोडून पुढं जाताच येत नाही.

त्या साली नितीन सुट्टी काढून यात्रेला आला होता. एक बाई रडत आली, तिचा लहानगा चुकला होता. तुम्ही तिला पाणी देऊन विचारत बसलात, आणि नितीननं तिच्या मोबाइलमधला पोराचा फोटो घेतला, खाली 'हरवला आहे' असं लिहिलं, तुमचा नंबर घातला आणि तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर सोडून दिला. फुगेवाल्यानं तो फोटो बघितला आणि पोराला खांद्यावर बसवून आणलं. तुमच्या आधी फोटो पोचला. तुम्हाला राग आला नव्हता त्या दिवशी, उलट संध्याकाळी बापूरावांना छाती फुगवून सांगत होतात, "आमच्या पोरामुळं लेकरू लवकर घावलं." हे तुम्ही बापूरावांना सांगितलंत. नितीनला नाही सांगितलंत.

पोरगं घरी गेलं, फोटो काही घरी जाईना. यात्रा उलटून गेली, पुढची यात्रा झाली, तरी तुम्हाला फोन यायचे. सोलापूरहून, लातूरहून, एकदा तर पलीकडं कर्नाटकातून कुणीतरी कानडीत विचारत होतं. प्रत्येकाला तुम्ही सांगायचात, सापडलं हो, कवाच सापडलं, पुसून टाका. तो पुसायचा, दुसरा पाठवायचा. आणि मग येडशीहून फोन आला. रेल्वे स्टेशनवर लोकांनी एका बाईला घेरलं होतं. "तुमचं हरवलेलं पोरगं घावलंय, पळवणारीला धरून ठेवलीय," म्हणाला फोनवरचा. ती त्याची आईच होती हो! माहेरी निघाली होती लेकराला घेऊन. तुम्ही फोनवर ओरडलात, आरं ती आई हाय त्याची, सोडा तिला. तर तिकडचा म्हणाला, "आवाजावर कसा इश्वास ठेवायचा? समोर या."

तुम्ही जीप करून गेलात. आल्यावर जेवला नाहीत. तिच्या दंडावर वळ उठले होते आणि पोरगं तोंडातून आवाज काढत नव्हतं, एवढंच सांगितलंत. मग नितीनला फोन लावला आणि जे नाही ते बोललात. तोही बोलला. "अण्णा, त्या फोटोमुळंच पोरगं सापडलं होतं, हे विसरू नका." तुम्ही म्हणालात, "सापडलं ना? मग आता त्या फोटोला हुडकून आण." मी त्या दिवशी नितीनची बाजू घेतली, आजही घेते. लेकरू हरवल्यावर आईला काय, विहिरीत उडी मार म्हणलं तर मारंल ती. तिला तुमचे प्रश्न नको असतात, लेकरू हवं असतं. आणि मी काय, अंगणवाडीत रोज पोरांचे जेवतानाचे फोटो काढून वर पाठवतेच की. त्यावरही तुम्ही घसरलात. "त्या लेकरांना इचारलं का कुणी?" मी म्हणलं, एवढ्याएवढ्या लेकरांना काय विचारायचं? तुम्ही म्हणालात, "मग थोरांनी जपून ऱ्हावं." यावर मी भांडी आपटली. उत्तर अजून सुचलेलं नाही. फोटो अजून काढतेच, पण आता काढताना हात जरा अडतो. बघा, काय करून ठेवलंत.

त्यानंतर तुम्हा बाप-लेकांचं बोलणं आटलं. तुम्ही ग्रुपवर चटणी पुकारायचात, तो नुसता अंगठा पाठवायचा. मला म्हणायचात, "नितीनचं मन चांगलं हाय गं. पर फोनपुढं कुणाचं काय चालायलंय?" मी म्हणायची, हे त्याला सांगा. "सांगू की, यात्रेला आल्यावर," म्हणायचात. यात्रा आली आता. तुम्ही कुठंयत?

म्हणून मला त्या लॅपटॉपला नाही म्हणता येईना. माझा लेक रात्रंदिवस खपून बापाची माफी मागतोय, हे मला दिसत होतं. माफीसुद्धा नाही, त्याला तुमच्याशी बोलायचं होतं, आणि त्याला जमतं त्या पद्धतीनं तो बोलला. तुम्ही चोवीस तास रागावलेला बाप नव्हतात, चटणीला बोलावणारा बाप होतात, हे त्यानं तुमच्या एकेका मेसेजमध्ये पुन्हा ऐकलं असणार.

परवा दुपारी त्यानं दिवाणावर लॅपटॉप उघडला. मी परातीत पीठ मळत होते. आणि तुम्ही बोललात. "भाविकांना नम्र विनंती, आपापली लेकरं सांभाळावीत." अहो, पिठाचे हात तसेच घेऊन मी दारात पळाले! दारात कुणी नव्हतं, ते मला ठाऊक होतं, तरी पळाले. मग येऊन त्याच्याजवळ बसले आणि म्हणलं, परत लाव. त्यानं लावलं. परत लाव. तो लावत राहिला. हुबेहूब हो. तुमचाच घोगरा सूर, 'लेकरं' म्हणताना तोच लाड. इतकं बरं वाटलं मला, की लाज वाटली. एक मात्र खटकलं. तुमचं बोलणं कधी सरळ पार पडायचंच नाही. मधेच थांबून "आलं का? आलं बगा, आलं" असं कुणालातरी म्हणायचात, कर्ण्यातून सगळ्या यात्रेला ऐकू जायचं. हे आपलं न थांबता बोलत होतं. समोर कोण आलंय, रडतंय का, खोटं बोलतंय का, त्याला काही देणंघेणं नव्हतं.

माझा चेहरा खुललेला बघून नितीनला हुरूप आला. म्हणाला, "आई, थांब, तुला एक गंमत दाखवतो." त्यानं काहीतरी टाइप केलं.

"कमल, दमलीस का गं?"

तुमच्या आवाजात. माझं नाव. घरात, चुलीपासून चार हातांवर. आयुष्यभर ज्याच्यासाठी भांडले ते असं फटकन माझ्या पुढ्यात पडलं. मी ओरडले, "बंद कर! बंद कर ते!" नितीन घाबरला. म्हणाला, "आई, मला वाटलं तुला बरं वाटंल." मी म्हणलं, "वाटलं रे. म्हणूनच बंद कर."

तो रडला. एवढा मोठा बाप्या, दोन लेकरांचा बाप, दिवाणावर बसून रडला. "म्हणजे मी अण्णांचं परत चुकवलंच का?" म्हणाला. तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. बापूरावांना छाती फुगवून काय सांगितलं होतंत ते, आणि 'मन चांगलं हाय गं' तेही. तुम्ही सांगणार होतात ते मी सांगितलं, चालेल ना? पण हे मी माझ्या तोंडानं, माझ्या आवाजात सांगितलं. अण्णा असं म्हणाले होते, असं म्हणून सांगितलं. त्यानं ऐकलं आणि विचारलं, "खरंच?" मी म्हणलं, "बापूरावांना विचार जा." तो खरंच विचारून आला.

ते वाक्य त्यानं माझ्यादेखत पुसून टाकलं. पण खरी गोची पुढं आहे. लॅपटॉपमधून गेलं ते माझ्या डोक्यातून जाईना. आता तुमची आठवण काढली की तुम्ही मला नावानं हाक मारता. तुम्ही कधी मारली नव्हती! तुम्ही "आगं" म्हणायचात, ते "आगं" मी दोन दिवस आठवायला बघतेय आणि आधी "कमल" ऐकू येतं. जो शब्द ज्याच्या तोंडून आयुष्यात कधी फुटला नाही, तो त्याच्या तोंडात कुणी घातला तर खरं काय होतं ते मी आता कुणाला विचारू? येडशीच्या त्या बाईला लोकांनी फोटो दाखवून खोटं पाडलं होतं. मला माझ्याच कानांनी पाडलं.

तेव्हा भांडण आता इथं मिटवू. यात्रेत तुमचा आवाज लागणार नाही. तुम्हाला आवडलं नसतं म्हणून नव्हे. कदाचित आवडलंही असतं, तुमचा काही भरवसा नाही, चारी कर्ण्यांतून मेल्यावरसुद्धा बोलायला मिळतंय म्हणल्यावर तुम्ही हुरळून गेला असता. पण तुम्हाला विचारायचं राहिलं. तुमच्या वतीनं व्हय म्हणायचा हक्क नितीनला नाही, तसा तुमच्या वतीनं न्हाय म्हणायचा मलाही नाही. म्हणून मी माझ्या वतीनं न्हाय म्हणलं. बापूराव म्हणाले, "मग वैनी, माईकवर कोण?" मी म्हणलं, मी. ते म्हणाले, "तुमाला जमंल?" मी म्हणलं, कर्ण्यात ओरडायला नसंल जमत, पण आलेल्याला विचारायला जमतं, पडद्यामागं इतकी वर्षं काय झोपा काढल्या का? पडद्यामागं आता सूनबाई बसेल. आणि कुणी हुशार फोटो काढायला आला तर त्याला नितीन आवरंल, तसं त्यानं स्वतःच म्हणलंय.

आज सकाळी नितीननं कर्णे चढवले. तुमच्यासारखाच तोंडात वायरचा तुकडा धरून शिडीवर उभा होता, मी ओरडले तरी ऐकेना. यात्रा अजून भरायचीय. पाळणेवाले लोखंड उतरवत होते, कासाराचं दुकान मांडायचं चाललं होतं, बाकी माळ मोकळा. नितीन खाली उतरून म्हणाला, "आई, बोल काहीतरी, चेक करायचंय." मी माईक हातात घेतला. काय बोलावं सुचेना, आणि मग सुचलं.

"आमच्या घरच्यांनी जिथं असतील तिथंच थांबावं," मी म्हणलं. चारी कर्ण्यांतून माझा आवाज माळावर गेला. पाळणेवाले हातातलं काम थांबवून बघायला लागले, पण कुणी हसलं नाही.

"हलू नये. मी येतेय."